आधी बरगे बघा, मग गळ टाका

कोल्हापुरात गळाचा नाद असलेली चार माणसं जमली की बोलणं रॉड, रील आणि कणकेत काय मिसळायचं यावर येतं. बंधाऱ्याचा विषय फार कमी निघतो, आणि रिकाम्या पिशवीचं कारण बहुतेक वेळा तिथंच असतं. पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, भोगावतीवर राशिवडे, हळदी, कोगे, कासारीवर यवलूज. आपल्या नद्या अशा तुकड्यातुकड्यांनी अडवलेल्या आहेत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे केलेले खांब, त्यांना उभ्या खाचा, खाचांत आडवे बरगे, म्हणजे फळ्या. बरग्यांच्या दोन रांगा घालतात आणि मधल्या पोकळीत माती ठासतात. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरच्या आसपास बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर काढायचे, असा रिवाज. म्हणजे एकच जागा वर्षातले सात-आठ महिने तळं असते आणि उरलेले महिने नदी. मासा त्याप्रमाणे जागा बदलतो. आपण मात्र वर्षभर त्याच दगडावर जाऊन बसतो.

बरगे घातल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे फार चांगले असतात. पाणी रोज थोडं थोडं चढतं आणि काठावरचं गवत, लव्हाळा, ढेकळं बुडत जातात. त्यातली गांडुळं आणि किडे खायला मासा अगदी काठाला येतो. या दिवसांत जोर लावून लांब फेकणारा माणूस माशाच्या डोक्यावरून गळ टाकत असतो. काठापासून १०-१५ फूट, तीन-चार फूट खोल पाणी, तरंगा लावलेली साधी कळकाची काठी, एवढं पुरतं. काठावर पाय आपटायचा नाही आणि पाण्यावर सावली पडू द्यायची नाही, हे आलंच.

पाणी चढायचं थांबलं, गाळ बसला आणि नितळ झालं की मासा मूळ पात्राच्या खोल भागाकडं सरकतो. हे पात्र वरून दिसत नाही, ते शिशानं शोधायचं. तंगूसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, नुसतं २० ग्रॅमचं शिसं बांधा, गळ लावू नका. एका जागी उभं राहून पंख्यासारखं डावीकडून उजवीकडं सात-आठ ठिकाणी फेका. शिसं पाण्यात पडल्यापासून तंगूस सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजा. एका जागी चार, दुसरीकडं चार, तिसरीकडं एकदम आठ आले तर तिथं उतार आहे. मग शिसं हळू ओढत आणा. गाळात ते जड आणि मऊ येतं, मुरुमावर टिकटिक करत येतं, दगडात अडकतं. गाळ संपून मुरूम सुरू होतो ती कड लक्षात ठेवायची. रोहू आणि मृगळ त्या कडेनं फिरतात. या उद्योगाला वीस मिनिटं जातात, पण तेवढ्यात पुढचे सहा महिने कुठं बसायचं ते ठरून जातं.

बंधाऱ्याला लागून वरच्या अंगाला बसू नये असं माझं मत आहे. तिथं गाळ, वाहून आलेल्या फांद्या, पोती, मूर्तींचे सांगाडे आणि केंदाळ (जलपर्णी) साचलेलं असतं. दहा वेळा फेकलं तर चार वेळा गळ तुटतो. खालचं अंग वेगळं. बरग्यांच्या फटींतून पाणी गळत असतं, ते पडताना हवा घेऊन पडतं, त्यामुळं उन्हाळ्यात बाकी डोह कोमट आणि मेलेले असले तरी त्या शंभर-दीडशे फुटांत मासा असतो: शिंगाडा, वाम, चिलापी. तळ दगडी असल्यामुळं शिसं तळाला टाकून चालत नाही. तरंगा असा बांधायचा की आमिष दगडांच्या वीतभर वर राहील.

उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडलं की बंधारे एकापाठोपाठ एक भरतात. रात्रीत पाणी फूटभर वर येतं, गार आणि गढूळ असतं. त्या दिवशी गळ हलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जा. उपसाबंदी लागली की काठावरच्या शेतीच्या मोटरी बंद असतात, पाण्याची पातळी दिवसभर जागच्या जागी राहते, आणि ते दिवस वाया घालवू नयेत. एरवी मोटरी चालू झाल्या की अरुंद डोहाची पातळी दुपारपर्यंत बोट-दोन बोट उतरते आणि काठाला लागलेला मासा मागं सरतो. शेतकऱ्याला उपसाबंदीचा ताप, गळवाल्याला सोय, असं उलटं गणित आहे हे.

उन्हाळ्यात पहाटे जावं असं सगळे सांगतात. वाहत्या पाण्याला ते खरं आहे. केंदाळ आणि शेवाळ माजलेल्या साचलेल्या डोहाला मात्र नाही. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही तो वापरतं. त्यामुळं पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासा पृष्ठभागाला तोंड लावून हवा ओढताना दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, मासा वर आलाय! तो खायला आलेला नसतो. अशा डोहावर आठ-साडेआठनंतर बसा. हिवाळ्यात तर सकाळी दहाच्या आत रोहू-कटला तोंड उघडत नाहीत. दुपारी बारा ते चार हीच वेळ.

पहिल्या पावसात बरगे निघतात, पाणी गढूळ होतं आणि ओढ्या-ओघळांतून मासा वर चढू लागतो. चढणीच्या माशांवर आपल्याकडं गावंच्या गावं तुटून पडतात. ते मासे गाभोळीनं भरलेले असतात आणि अंडी घालायला चाललेले असतात. पोटासाठी धरणाऱ्याला मी काही म्हणणार नाही. हौशी गळवाल्यानं मात्र जून ते ऑगस्ट गळ गुंडाळून ठेवावा. तसंही त्या दिवसांत नदीवर काम नसतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. पण पातळी ३९ च्या बरीच खाली असतानाही भोगावती झपाट्यानं वाढू शकते, कारण तिच्यावरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात.

आता हत्यारं. सुरुवातीला फार खर्च करू नका. चिलापी आणि लहान मासळीसाठी १०-१२ फुटांची कळकाची काठी, तेवढाच लांब ०.२० ते ०.२५ मिलिमीटरचा तंगूस, ८ किंवा १० नंबरचा गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर दोन बारीक छर्रे आणि तरंगा. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो. १/० पासून पुढं मात्र उलटं, आकडा वाढेल तसा गळ मोठा. दुकानात नवखा माणूस इथंच फसतो. तरंग्याला एवढंच शिसं लावा की त्याचं फक्त टोक पाण्यावर राहील. अर्धा तरंगा वर राहिला तर तो ओढताना माशाला जोर लागतो आणि तो आमिष थुंकतो.

रोहू, मृगळ, सिप्रिनस (कॉमन कार्प) यांसाठी सात फुटांचा रॉड, २५०० किंवा ३००० नंबरचं स्पिनिंग रील आणि ०.३० चा तंगूस. जोडणी अशी: तंगूसात आधी भोकाचं १५-२० ग्रॅमचं शिसं ओवा, मग एक मणी, मग फिरकी (स्विव्हल) बांधा. फिरकीच्या दुसऱ्या कडीला हातभर ०.२५ चा तंगूस आणि त्याला ४ किंवा ६ नंबरचा गळ. शिसं मोकळं सरकतं, म्हणून मासा आमिष घेऊन निघाला तर त्याला वजन जाणवत नाही. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून आपटून गाठ कमजोर होते. खालचा तंगूस मुद्दाम बारीक घ्यायचा. अडकला तर तेवढाच तुटतो, शिसं आणि फिरकी परत येते.

गाठीवर थोडं थांबू, कारण सुटलेले बहुतेक मोठे मासे गाठीतून सुटतात. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवा, मोकळं टोक मूळ तंगूसाभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, मग ते टोक डोळ्याजवळ तयार झालेल्या पहिल्या फटीतून घाला आणि त्यामुळं बनलेल्या मोठ्या वेढ्यातून परत बाहेर काढा. आता थुंकी लावून ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी ओढली तर घर्षणानं नायलॉन तापतं, तिथं पांढुरकं होतं, आणि सहा किलो झेलणारा तंगूस तीन किलोला तुटतो. गाठीचे वेढे एकावर एक चढलेले दिसले तर कापून परत बांधा. शेपूट दोन-तीन मिलिमीटर राहू द्या.

चाऱ्यात कोल्हापूरकराला काही कमी नाही. शेंगपेंड अर्धा किलो घ्या, कुटून दोन तास पाण्यात भिजवा. त्यात पाव किलो भाताचा कोंडा, मूठभर फुटाण्यांचं पीठ आणि दोन चमचे काकवी. पाणी शेवटी, हातानं शिंपडत घाला. मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा आणि अंगठ्यानं ढकलल्यावर फुटावा, एवढंच ओलं. पारख बादलीत करायची: लाडू पाण्यात टाका, दहा मिनिटांत तो विरघळून पसरला पाहिजे. तसाच गोळा राहिला तर पाणी किंवा काकवी जास्त झाली, आणखी कोंडा घाला. पडता पडता फुटला तर पेंड कमी पडली. कटल्यासाठी मात्र हा फुटणारा चाराच बरा, कारण कटला वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. तळाशी आमिष टाकून कटल्याची वाट बघणारे पुष्कळ भेटतात.

सुरुवातीला संत्र्याएवढे चार लाडू, एकाच जागी. नंतर तासाला एक. बाजूचा माणूस मासे काढतोय म्हणून घाईनं दहा लाडू टाकले की मासा तिथं येतो, पोटभर खातो आणि गळाकडं बघत नाही. लाडू जिथं पडतील तिथंच गळ पडला पाहिजे. त्यासाठी समोरच्या काठावरचं एखादं झाड नजरेत धरा आणि अंतर जुळलं की रीलच्या चकतीवर तंगूस क्लिपमध्ये अडकवा. मासा लागल्यावर क्लिप सोडायची आठवण ठेवा.

गळाला लावायची कणीक वेगळी. गव्हाचं पीठ चार वाट्या, मैदा एक वाटी, पाणी कमी, चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट. मळताना कापसाचे चार-पाच बारीक पुंजके विंचरून घाला. कापसाच्या धाग्यांमुळं गोळी गळावरून सुटत नाही आणि बारीक मासळीनं टोचून टोचून संपत नाही. काही जण वेलची, बडीशेप, अत्तरंसुद्धा घालतात. पेंड आणि काकवीचा वास पुरेसा असतो; अत्तर माशापेक्षा माणसाला आवडतं. गोळी वाटाण्याएवढी करा आणि गळाचं टोक उघडं ठेवा. टोक कणकेत बुडालं तर झटका दिल्यावर ते माशाच्या ओठात शिरत नाही.

झटका कधी द्यायचा? चिलापी तरंगा टकटक करते, तेव्हा थांबा. तरंगा तिरका चालायला लागला की मनगटानं हलका झटका. रोहू तरंगा आधी थोडा उचलतो आणि मग बुडवतो. तळाच्या जोडणीत रॉडचं टोक सलग वाकलं पाहिजे, नुसत्या थरथरीवर उठू नका. रीलचा ड्रॅग, म्हणजे तंगूस किती ताणावर सुटेल ते ठरवणारी कळ, आधीच सैल करून ठेवा. हातानं ओढल्यावर तंगूस कुरकुरत सुटला पाहिजे. तीन किलोचा रोहू पहिल्या धावेत वीस-पंचवीस मीटर नेतो आणि आवळलेला ड्रॅग त्या धावेला गाठ तोडतो. मासा पळत असताना हँडल फिरवू नका, तंगूसाला पीळ बसतो. शेवटी मासा उचलायचा तो जाळीनं, आणि जाळी आधी पाण्यात बुडवून ठेवून त्यावर मासा आणायचा. जाळी घेऊन माशामागं धावलं की तो हमखास सुटतो.

मरळीचा प्रकार निराळा. ती हवा घेणारी, केंदाळाच्या कडेला आणि लव्हाळ्यात लपणारी, दबा धरून झडप घालणारी. तिला रबरी बेडूक, विणलेली दोरी आणि ताठ रॉड हवा, कारण लागल्या क्षणी तिला केंदाळातून बाहेर ओढावं लागतं. बेडूक केंदाळावर टाका, हळूच कडेवरून मोकळ्या पाण्यात सोडा, एक टिचकी, मग थांबा. पाणी उसळलं की लगेच ओढू नका, एक-दोन आकडे मोजा, दोरीत वजन आलं की झटका. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसात पाण्यावर लालसर पिल्लांचं कोंडाळं बुडबुडताना दिसतं. त्याखाली नर-मादी राखण करत असतात आणि कशावरही तुटून पडतात, म्हणून ती सहज मिळतात. तिथं गळ टाकू नये. राखणदार गेला की ती पिल्लं चिलापीच्या पोटात जातात. चिलापीबद्दल मात्र मनात कसलीही दया ठेवू नका. १९५२ मध्ये बाहेरून देशात आणलेला हा मासा, मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते, आणि आपल्या मूळ माशांची जागा खाते. मिळतील तेवढ्या न्या. आफ्रिकन मांगूर मिळाला तर तोही पाण्यात परत सोडू नका.

वाम रात्री दगडांच्या फटीतून बाहेर पडते. तिला अख्खं गांडूळ, ६ नंबरचा गळ, खालच्या अंगाचं गळतं पाणी. लागली की लगेच उचला, क्षणभर ढील दिली तर ती शेपटीनं दगडात घुसते. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते, फडक्याशिवाय धरू नका. शिंगाड्याचे काटे आणखी वाईट: पाठीवर एक, दोन्ही बाजूंना एकेक. काटा रुतला तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा, ठणका उतरतो. मोडलेला तुकडा आत राहिला असेल तर दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

होडीची गरज नदीवर फारशी पडत नाही, आणि ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाणाऱ्या मच्छीमारांची नक्कल हौशी माणसानं करू नये. त्यांचं अंग त्याला सरावलेलं असतं. छोटी फायबरची होडी घेतली तर दोघंच, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, बसून फेकायचं, उभं राहून नाही. नांगराला दगड भरलेलं पोतं चालतं, दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट. दोर आखूड असेल तर वाऱ्यानं होडी पोतं ओढत नेते आणि तुमचा गळ चाऱ्यापासून दूर जातो. नांगर टोकाला बांधा, बाजूला बांधलेली होडी वाऱ्याच्या झोतात कलते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की काठाला या. बंधाऱ्याच्या खांबांना होडी कधीही बांधू नका. बरगे काढायचं काम चालू असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका, मोकळ्या झालेल्या गाळ्यातली ओढ वरून दिसत नाही.

काठावरही एक धोका आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपले नदीकाठ मोटरींच्या केबलनी आणि विजेच्या तारांनी भरलेले आहेत. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. मागं बघितल्याशिवाय रॉड उचलू नका, आणि फुटवॉलमध्ये (मोटरीच्या पाइपाच्या पाण्यातल्या झडपेत) गळ अडकला तर केबलला हात न लावता तंगूस तोडा. शिरोळ भागात कृष्णेच्या जवळ असाल तर मगरीचं भान ठेवा. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात त्या कायमच्या आहेत आणि पुराबरोबर इकडं-तिकडं सरकतात. मासे पिशवीत घालून ती पिशवी पायाशी पाण्यात सोडायची सवय तिथं बंद करा.

धरणं आणि मोठे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, बीज त्यांनी सोडलेलं असतं. तिथं आधी संस्थेच्या माणसाला विचारायचं, पैसे सांगितले तर द्यायचे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर गळाचं नावच नको. सुरुंग आणि विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. तसं कुठं चाललेलं दिसलं तर ती जागा सोडा आणि पोलीस पाटलाला सांगा.

खायचं असेल तर पाणी बघून. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात पाणी काळपट झालं, फेस आला, मळीसारखा वास सुटला आणि मासा तोंड वर काढून काठाला लागला, की तो मासा हातानं धरता येतो म्हणून धरू नये. कासारी, कुंभी, भोगावतीच्या वरच्या अंगाचा मासा चवीला कधीही उजवा. साचलेल्या डोहातल्या चिलापीला मातीचा वास येतो. तो कातडीत आणि पोटाच्या आतल्या काळ्या पडद्यात जास्त असतो, म्हणून पडदा खरवडून काढा, मीठ-हळद चोळा, पंधरा मिनिटांनी धुवा, मग चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा. किलोच्या आतल्या रोहूत बारीक दुफाटे काटे फार. तुकडे करण्याआधी पाठीच्या मांसावर दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरानं आडव्या चिरा द्या, कातडी तुटू न देता. तव्यावर कडक तळला की काटे कुरकुरीत होऊन चावले जातात. रश्श्याला मात्र दीड-दोन किलोच्या वरचाच घ्या.